मास्तर परके ठरल्याबाबत

प्रति,
मा. रहिवास दाखला अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : साक्षीदारच परका ठरल्याने अडकलेला माझा दाखला व सदर साक्षीदारास आलेली नोटीस, याबाबत.
संदर्भ : आपले नकारपत्र, दि. १९ फेब्रुवारी.

महोदय,

१. मी परमुलखातून येऊन गेली बावीस वर्षे गल्लीच्या तोंडाशी कुलूप-किल्ल्यांचे दुकान चालवतो. 'स्थानिक जीवनात मिसळल्याचा दाखला' मिळावा म्हणून मी रीतसर अर्ज केला होता. तो न मिळाल्यास जूनअखेर मला हा देश सोडावा लागेल. माझ्या पत्नीला दाखला गेल्या वर्षीच मिळाला. तेव्हापासून घरात ती इथली व मी बाहेरचा असून, ही बाब ती रोज माझ्या निदर्शनास आणून देते.

२. नियमानुसार याच गल्लीत जन्मलेला साक्षीदार लागतो. आमच्याकडे पाववाला एका देशाचा, धोबीण दुसऱ्या देशाची, तर न्हावी तिसऱ्या देशाचा. गल्लीत जन्मलेले एकटे निवृत्त मास्तर, वय चौऱ्याहत्तर, जन्म व मुक्काम माझ्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर. त्यांनी अडतीस वर्षे शाळेत इथलीच भाषा शिकवली. मलाही त्यांनीच शिकवली, दुकानाच्या पायरीवर बसून.

३. आपले निरीक्षक चौकशीस आले. दुकानात छत्तीस घरांच्या जादा किल्ल्या टांगलेल्या पाहून त्यांनी 'संशयास्पद' असा शेरा मारला. शेजारी विसरभोळे आहेत, विश्वासाने ठेवतात, असे मी सांगितले. त्यांनी विश्वासाचा लेखी पुरावा मागितला.

४. त्यानंतर दुकानातच मास्तरांची साक्ष झाली. "मूळ गाव?" असे विचारता मास्तरांनी बोट वर करून "वरचा मजला" असे सांगितले. निरीक्षकांनी 'उडवाउडवी' असे लिहून घेतले. मास्तरांची पत्नी वारल्यापासून त्यांचे उठणे-बसणे आमच्यातच. त्यामुळे धोबिणीचा हेल त्यांच्या जिभेवर व न्हाव्याचे हातवारे त्यांच्या हातांत आले आहेत, हे खरे. "आजोबा, घाबरू नका, खरं सांगा, इकडे कधी आलात?" असे निरीक्षकांनी तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा मास्तरांच्या तोंडून आमच्या मुलखातली एक शिवी गेली. ती मीच शिकवली होती, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. उच्चार निर्दोष होता. तोच नडला.

५. परिणामी 'साक्षीदार स्थानिक नाही' म्हणून माझा अर्ज फेटाळला गेला आणि मास्तरांना नोटीस आली : तीस दिवसांत दाखला सादर करावा, तोवर संध्याकाळच्या भाषावर्गास हजर राहावे. मलाही तोच वर्ग लागला. वर्गावरच्या बाई मास्तरांच्याच विद्यार्थिनी. मास्तर दारात आले की त्या सवयीने उभ्या राहतात. मास्तर मुकाट्याने शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसतात.

६. आता मास्तरांनाही गल्लीत जन्मलेला साक्षीदार हवा. तसा दुसरा नाही. दाखलाधारक रहिवासीही चालतो असे कळल्यावर मी तयार झालो, पण माझ्याकडे दाखला नाही. गल्लीत तो एकट्या माझ्या पत्नीकडे आहे, मात्र मीही अर्जदार असल्याने माझ्या घरातले माणूस मास्तरांच्याही कामाला चालत नाही म्हणे. आपल्या खिडकीवरील लिपिक म्हणाले, "त्यांचं झालं की तुमचं होईल, तुमचं झालं की त्यांचं." आधी कोणाचे, हे विचारेपर्यंत खिडकी बंद झाली.

७. गेल्या मंगळवारी वर्गातून परतताना मास्तर जिन्यात थांबले. म्हणाले, "आपण इथलेच आहोत हे पटवून देताना माणूस इतका दमतो, हे तू बावीस वर्षांत एकदा तरी बोलायचं होतंस रे." मी पुढे होऊन माझ्याकडच्या जादा किल्लीने त्यांचे दार उघडून दिले.

सबब नम्र विनंती, की एकच शिक्का मारणे शक्य असेल तर तो मास्तरांच्या कागदावर मारावा. माझे काय ते पुढे पाहता येईल. बाहेरचा म्हणवून घ्यायची मला सवय आहे. त्यांना ती या वयात लागू नये.

दार उघडेल या आशेवर,
आपला नम्र,
(सही)
गल्लीतला किल्लीवाला
दि. ११ मार्च

सोबत :
१) मास्तरांचा जन्मदाखला (निरीक्षकांनी पाहण्यास नकार दिलेला).
२) विश्वासाचा लेखी पुरावा, छत्तीस सह्यांसह.

ता.क. : अर्जातले शुद्धलेखन मास्तरांनी तपासून दिले आहे. सातवा परिच्छेद व त्याखालची विनंती मी नंतर लिहिली, त्यांना दाखवलेली नाही. तिथल्या चुका माझ्या समजाव्यात.