दोघांचं पीठ

३ नोव्हेंबर, सोम.
नांदेडला जाऊन आले. सकाळची लोहा-नांदेड एसटी, घरी यायला चार वाजले. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे. डावा तर कधीचाच नावाला. ऑपरेशनची तारीख दिली, २२ डिसेंबर. पण उपाशीपोटीची शुगर २४८ निघाली. डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या. गोळी वाढवते, दीडशेच्या आत आणा, वजन चार-पाच किलो उतरवा, २० डिसेंबरला पुन्हा रक्त द्या. खाली आली नाही तर डोळ्याला हात लावणार नाही. मग पुढचा नंबर पावसाळ्यानंतर.
पावसाळ्यानंतर म्हणजे दहा महिने. पेपरात आताच मथळ्याखालचं काही लागत नाही. ही वही स्केचपेनने लिहिते आहे. एका पानावर नऊ ओळी मावतात.
शाळा मी पाहिली नाही. वैशाली पहिलीत होती तेव्हा तिच्या पुस्तकावरून तिच्याबरोबरच शिकले. पोरगी पुढं गेली, मी वाचत राहिले. वाचनालयातली दोन कपाटं संपवली. तिसरं अर्ध्यावर आहे.

४ नोव्हें.
अंगणवाडीत महिन्याची वजनं. निर्मलाताई आमची सेविका, ती वहीत लिहिते. मी मदतनीस, पोरं काट्यावर उभी करते. सगळी गेल्यावर मीच चढले, गरोदर बायांच्या काट्यावर. ७१.४.
निर्मलाताई म्हणाली, "मावशी, हितं सगळ्यांचं वाढवायचं असतं. तुमचं एकटीचं उलटं."
हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.
साखर बंद. भात बंद. पोळी बंद. ज्वारी चालते असं सगळेच म्हणतात. रात्री भाकरी ३, सकाळी चहासोबत १ शिळी.

८ नोव्हें., शनि.
चतुर्थी. ठरवलं, उपवास वाढवायचे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. जेवणच नाही तर शुगर चढणार कुठून. हे गेल्यापासून देवाचं काही नीट केलं नाही, तेही होईल.
दुपारी साबुदाणा. संध्याकाळी चंद्राची वाट पाहत थोडे शेंगदाणे, एक बटाटा. चंद्र निघाल्यावर जेवले.

१५ नोव्हें., शनि.
एकादशी. भगर, दाण्याची आमटी, दोन रताळी उकडून. सकाळी साबुदाणा होताच. उपवास असून पोट जड वाटलं. झोप बरी लागली.

१७ नोव्हें.
आजही सोमवारचा उपवास धरला. सकाळी इथल्याच लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी कागद घ्यायला गेले. २६३. वाढली. वजन ७१.९.
लॅबवाल्या बाईंनी विचारलं, काय खाल्लंत. म्हटलं, काही नाही, या महिन्यात उपवासच उपवास केले. तर म्हणाल्या, "उपवासाला काय खाल्लं ते सांगा." सांगत गेले. साबुदाणा म्हटलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.
येताना बसस्टँडवर बाकड्यावर बसून राहिले. पंधरा दिवस फुकट. हातात तेहेतीस.

२० नोव्हें., गुरु.
उपवास मोडला. उपवासाचा उपवासच केला म्हणायचा.
रद्दीतली आरोग्याची पुरवणी काढून भिंग लावून बसले. एक शब्द लागायला पाच मिनिटं. कर्बोदके. भाकरी, भात, पोळी, साबुदाणा, भगर, रताळं, गूळ. सगळी एकाच घरची माणसं, अंगावर कपडे तेवढे निराळे. कुणी सावकाश चढवतं, कुणी लगेच. ज्वारी त्यातल्या त्यात शहाणी. पण शहाणी झाली म्हणून चार खायच्या असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मीच तसं धरून चालले होते.
डोळ्यातून पाणी वाहायला लागलं तेव्हा भिंग ठेवून दिलं.

२३ नोव्हें., रवि.
वैशाली लातूरहून आली. एक दिवस. जावईबापूंना सुट्टी नाही. येताना मेथी, शेपू, दोन किलो मूगडाळ घेऊन आली. मी म्हटलं, हे लोह्यात मिळतं. तर म्हणाली, मिळतं पण तू आणत नाहीस.
संध्याकाळी ती ओट्याला टेकून उभी होती. मी काटवटीत पीठ घेतलं. रोजच्यासारखं. ती बघत होती. मग म्हणाली,
"आई, कुणी येणार आहे का?"
मी म्हटलं, नाही.
"मग चार ओंजळी?"
मी काटवटीकडं पाहिलं. खरंच चार होत्या. म्हटलं, तू आहेस ना. तर ती म्हणाली, मी रात्री भाकरी खात नाही हे तुला माहीत आहे, परवा फोनवर हसली होतीस.
मी चारही थापल्या. तीन खाल्ल्या. तिच्यासमोर.

२४ नोव्हें.
वैशाली सकाळच्या गाडीने गेली. जाताना डबा उघडून पीठ किती उरलंय ते पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.
लिहावं की नाही.
चार ओंजळी हे आमचं जुनं माप. लग्न झाल्यापासूनचं. यांच्या अडीच, माझी दीड. मग यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी एकच भाकरी सांगितली. शेवटची दोन वर्षं मी मोजून वाढली. अडीच ओंजळींच्या वर पीठ घेतलं नाही. एवढी शिस्त मी कशातच पाळली नसेल.
दोन वर्षांपूर्वी चैत्रात, त्या संध्याकाळी, ताट पुसून झाल्यावर म्हणाले, "अर्धी दे गं. भूक हाय." दुरडीत माझ्यातली अर्धी होती. मी म्हटलं, उद्या. दुरडी झाकली.
पहाटे गेले.
डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, भाकरीचा काही संबंध नाही, तुम्ही बरोबरच करत होतात. मला ते पटतं. त्या दिवशीही पटलं होतं.
तेरावं झालं, माणसं पांगली, मी पहिल्यांदा एकटीसाठी काटवट घेतली, तर हात आपोआप चार ओंजळींवर आला. कुणी सांगितलं नव्हतं. आणि अन्न टाकवत नाही. मग खाते. अडीच यांच्या, दीड माझी.
दोन वर्षांत अकरा किलो.

२७ नोव्हें.
दीड ओंजळ घेतली. काटवटीचा तळ दिसत होता. पाणी जास्त झालं, एवढ्याशा पिठाचा हाताला अंदाज नाही. पहिली भाकरी तव्यावर फाटली.
दीड भा. खाल्ली. सगळं आवरून बसल्यावर भूक. पोट दुखेपर्यंत. उठून मूठभर दाणे आणि गुळाचा खडा. मग आणखी एक खडा.
खोटं लिहायचं तर वही कशाला.

२ डिसेंबर, मंगळ.
पोरांची खिचडी झाली. पातेल्याच्या तळाची खरवड मी नेहमी खाते. एकवीस वर्षं. आज निर्मलाताईने चमचा काढून घेतला. म्हणाली, "मावशी, पातेलं घासायचं असतंय, चाटायचं न्हाई." मग स्वतःच खाल्ली.
वैशाली रोज फोन करते. आधी पालेभाजी वाटीभर, मग घट्ट वरण, ताक, भाकरी सगळ्यात शेवटी. जेवून झाल्यावर बसस्टँडपर्यंत चालून यायचं. करते आहे. भाकरी शेवटी खाल्ली की ती थोडी पुरते. हे खरं आहे, कारण काय ते माहीत नाही.
भा. २. अजून दीडवर येत नाही.

५ डिसें.
थकवा. गुडघेही आज बोलतात. चालायला गेले नाही.
भुकेचे दोन प्रकार आहेत असं वाटतं. एक पोटात असते, अकरा-साडेअकराला येते, पोरांच्या खिचडीचा वास सुटला की. ती साधी आहे, ताक प्यायलं की गप्प बसते. दुसरी दिवे लागल्यावर येते. पोट भरलेलं असतं तरी येते. तिला काय द्यायचं ते पुरवणीत नव्हतं.

८ डिसें., सोम.
शु. १८७. व. ६९.८.
लॅबवाल्या बाईंनी स्वतःहून पाणी दिलं. म्हणाल्या, चालू द्या.
वाचनालयात गेले. नवीन काही घेतलं नाही. जुनंच एक उघडलं, दोन्ही हातांनी लांब धरलं, जवळ धरलं. ओळी मुंग्यांसारख्या. कपाटाला टेकून थोडा वेळ उभी राहिले आणि आले.

१४ डिसें., रवि.
गावाकडून सरूबाईचा फोन. माझी धाकटी जाऊ. शुक्रवारी येळवस, म्हणजे वेळा अमावास्या आहे, शेतातल्या पूजेला या म्हणते. "थोरले मालक गेल्यापून तुमी पाय टाकला न्हाई अक्का. शेतानं काय केलं तुमचं?"
म्हटलं, दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचंय. ती म्हणाली, मग शेतात काय रक्त काढून घेत्यात का.
वैशालीला सांगितलं. ती नको म्हणाली. येळवशीचं जेवण मोजून होत नाही, नाही म्हटलेलं तिथं कुणी ऐकत नाही, सहा आठवड्यांचं एका दुपारी जाईल. बरोबर बोलते.

१६ डिसें.
शु. १६४. व. ६८.७. अजून चौदा कमी व्हायला हवेत. चार दिवस.
भा. पावणेदोन. पाव भाकरी कावळ्याला टाकली. पहिल्यांदाच टाकली.

१९ डिसें., शुक्र.
गेले. न जाऊन घरी तीच दुसरी भूक होती.
शेतात ज्वारी कमरेच्या वर आली आहे. कडब्याची कोप, खोपटासारखी, बांधली होती, आत पाच दगडांचे पांडव, चुना लावलेले. भाऊजींनी पूजा केली, आंबील शेतभर शिंपडून आले. हे असते तर कोपीच्या सावलीला पहिली पंगत यांची. बाजरीचे उकडलेले उंडे मोजत नसत.
सगळ्या बायकांच्या गोंगाटात बसले. सरूबाई वाढत होती. भज्जी, म्हणजे येळवशीची मिसळ भाजी, भरपूर घेतली, त्यात डाळी-शेंगाच जास्त. एक उंडा. आंबील अर्धा पेला. खीर नको म्हटलं, तिने चमचाभर टाकलीच. एक भाकरी झाली. हात आखडून बसले तर ती दुरडी घेऊन पुन्हा पुढ्यात.
"अर्धी तरी घ्या अक्का. उपाशी दिसून राहिल्या."
आणि अर्धी माझ्या ताटात टाकली.
मी त्या अर्ध्या भाकरीकडं बघत बसले. मग तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "यांनी अर्धीच मागितली होती. म्या दिली न्हाई."
दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. वैशालीलाही नाही. सरूबाई दुरडी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. मग म्हणाली,
"मग तवापून तुमी खाताव व्हय त्यांची?"
मी मान हलवली.
"तुमी खाल्ल्यावर त्यांस्नी पोचती का?"
हेटाळणी नव्हती. विचारल्यासारखं विचारलं. तिने माझ्या ताटातली ती अर्धी उचलली, कोपीत वाकून गेली, पांडवांपुढच्या पानावर ठेवली. वर भज्जी घातली, चमचाभर खीर घातली. बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, "खिरीबिगर ते जेवत नव्हते."
मी रडले. तिने रडू दिलं, मग ताकाचा तांब्या दिला.
परतीच्या जीपमध्ये खिडकीशी बसले. बाहेर सगळं धुरकट. डोळ्यांमुळं की काय.

२० डिसें., शनि.
पहाटेच्या गाडीने नांदेड. उपाशीपोटी रक्त दिलं. कालचं काय चढलं असेल ते चढलं असेल, आता त्याला इलाज नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळी सहानंतर फोन करू, खाली असेल तर परवा सकाळी आठला या. मुलीला सोबत आणा. वैशालीने बॅग भरून ठेवली आहे. ती फोनसाठी थांबली आहे, म्हणजे तिकडं लातूरला, तिच्या घरी.
घरी येऊन झोपले. उठून मेथी निवडली. चष्म्याशिवाय, बोटांनीच. देठ कोणता, पान कोणतं, बोटांना कळतं.
दिवे लागले. काटवट घेतली. एक ओंजळ, मग अर्धी. हात डब्यात पुन्हा गेला, तसाच थोडा वेळ राहिला, रिकामा बाहेर काढला. पाणी बेताचं पडलं. भाकरी फाटली नाही. दुसरी लहानशी झाली, पोरांसाठी करतात तेवढी.
दुरडीत दीड भा. आहे. एवढंच.
भूक लागली आहे. दुपारचं फक्त ताक आहे, तेव्हा ही साधी भूक असणार. पोटातली. माझी.
सव्वासहा झाले. फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आहे. वाजला अजून नाही.
वाजायच्या आधी जेवून घेते.