सुक्या लाकडाचा आवाज

१२ ऑक्टोबर
गुनवोर आज बहिणीकडे गेली, हामारला. गुडघ्यांना घरातली थंडी सोसत नाही म्हणे. बहिणीच्या फ्लॅटमध्ये विजेचे हीटर आहेत. मफलर गुंडाळताना म्हणाली, घर ऊबदार झालं की कळव. म्हणजे भांडण नाही. बायको रुसलेली नाही, फक्त लाकडाचा प्रश्न आहे.

१३ ऑक्टोबर, सकाळ
संकल्प: ख्रिसमसच्या आत घर असं तापवायचं की ती स्वेटर काढून ठेवेल.
बर्चची झाडं वसंतात पाडून पाल्यासकट पडून राहू द्यायची. पाला खोडातलं पाणी ओढून घेतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही आहे. माझ्या सुतारकामाच्या वर्कशॉपपुरती वेळेवर पाडलीच होती. घरची यंदाही राहिली, कारण खुर्च्यांची ऑर्डर. आज पाडली.

२० ऑक्टोबर
लाकडं फोडून रास रचली. रस्त्याच्या बाजूने साल वर, ओळंबा लावल्यासारखी सरळ. आमच्या नॉर्वेत माणूस लाकडाच्या राशीवरून जोखतात. शेजारचा आयविंड आला, दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटली. धप्प. सुकं असतं तर खणकन वाजलं असतं. म्हणाला, रचलंयस मात्र झकास हं. जळतो मेला.

४ नोव्हेंबर
घरची शेगडी पेटवली. फुसफुस, फेस आणि नुसता धूर. डोळ्यांना पाणी. धुराडं साफ करायला हवं, बाकी काही नाही.
वर्कशॉपमध्ये मात्र बनियनवर काम करतो. तिथे सुकंच लाकूड लागतं, गोंद थंडीत धरत नाही. माणूस स्वेटर घालतो, गोंद घालतो का? गुनवोरला हे लग्नानंतर लगेच समजावलं होतं. दार उघडलं की ऊब जाते, तेव्हा आत येऊ नकोस, हेही. तिने कधी वाद घातला नाही. समंजस आहे.

२२ नोव्हेंबर
फोन केला. घर तापत आलंय म्हणालो. (येईलच.) तिने विचारलं, आवाज का बसलाय तुझा? धुराचं बोललो नाही. तिच्यासाठी खुर्ची करतोय, सरप्राइज. ती पाहिली की राहीलच.

१० डिसेंबर
आली. बॅग लहान होती.
घरात धूर. खिडक्या उघडल्या तर बर्फाचा वारा. ती कोट घालूनच बसली. मग प्लॅन बदलला, खुर्ची दाखवायला वर्कशॉपमध्ये नेलं.
तिथे तिने कोट काढला. खुर्चीवर बसून म्हणाली, छान झालीय रे. मग शेगडीजवळची दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटली. खणकन. पुन्हा आपटली. म्हणाली, इतकी वर्षं मला वाटायचं, आपल्या रानातलं लाकूडच तसलं.
मी गोंदाचं सांगायला लागलो. ती म्हणाली, माहीत आहे मला गोंदाचं. लाकडं होती तिथे नीट ठेवली, कोटाची बटणं लावली. संध्याकाळची गाडी मिळाली तिला. खुर्ची नेली नाही.

११ डिसेंबर
वर्कशॉपमधलं सुकं लाकूड सगळं घरात आणलं. एका काडीत पेटलं. दुपारपर्यंत घर इतकं तापलं की स्वेटर काढावा लागला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.
कळवायचं ठरलं होतं म्हणून फोन केला. बहिणीने उचलला. म्हणालो, घर ऊबदार झालंय, एवढंच सांगा तिला. सांगते, म्हणाली.
फोन ठेवून खिडकी उघडली. एकट्याला ती ऊब जास्त होत होती.