ही हाक माझी नव्हे

प्रिय,

पुढे काय लिहावं ते सुचेना. ताई लिहावं तर तू माझ्याहून लहान, आणि सवत म्हणावं तर आपण एका छपराखाली कधी राहिलोच नाही. तू हे घर सोडून गेलीस आणि बऱ्याच वर्षांनी मी आले. अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. एकाच माणसाचे रंगाने माखलेले शर्ट दोघींनी धुतलेत, आता अहो-जाहो कशाला?

ह्यांना स्मृतिभ्रंश झालाय हे तुझ्या कानावर आलं असेल. आधी दुकानाच्या पाटीवर एक अक्षर दोनदा रंगवलं. गिऱ्हाईक हसलं, हेही हसले. मग ब्रश धुवायचा कशात ते आठवेना. मग मी कोण, ते. घरी झेपेना तेव्हा इथे शुश्रूषागृहात आणलं. स्वच्छ, उजेडाची जागा आहे. भिंतीला धरून चालायला लाकडी दांडा आहे, पण ह्यांचं चालणं आता संपलं. बोलणं संपलं, गिळणंही संपत आलंय. पाण्याच्या घोटानेसुद्धा ठसका लागतो.

मागे छातीत कफ भरला म्हणून दोनदा मोठ्या दवाखान्यात नेलं. सलाईन उपटून काढतील म्हणून तिथे ह्यांचे हात पलंगाला बांधले. जे हात शिडीवर उभं राहून एका दमात सरळ रेघ ओढायचे, ते! परत आल्यावर इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवून नीट समजावलं. नाकातून नळी घालून जेवण दिलं तरी आयुष्य वाढेल याची खात्री नाही, त्रास मात्र नक्की वाढेल. आता बरं करायच्या मागे न लागता त्यांना सुखात ठेवू या, म्हणाल्या. मी हो म्हटलं. कागदावर सही केली, आणि मागाहून हलकं वाटलं. आता टोचाटोची बंद आहे. ओल्या स्पंजाने ओठ भिजवतात, कूस बदलायच्या आधी दुखणं थांबवणारे थेंब देतात. इथली सिस्टर तर ह्यांच्या कपाळावरच्या आठीवरून ओळखते की कुठे दुखतंय. तिचाही मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं संसार करून मला ती आठी वाचता आली नाही.

पण खरी जळजळ वेगळीच आहे. सगळे शब्द गेले आणि ह्यांच्याकडे एकच उरला. "बुटके." दिवसातून कितीदा तरी. कधी हळू, कधी दारापर्यंत ऐकू जाईल असं. इथल्या बायकांना मोठी गंमत. "आजी, बघा, तुम्हालाच बोलावतायत. लाडाचं नाव वाटतं!" मी हसून मान डोलावली. मी, जिला दाराच्या चौकटीतून वाकून जावं लागतं! सासूबाई गेल्या तेव्हा तू आली होतीस ना, तेव्हा तुला पाहिलं होतं. ह्यांच्या शेजारी उभी राहिलीस तर जेमतेम कोपराला लागत होतीस. त्यामुळे हाक कुणाला आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मला ह्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "अगं", "ऐकलंस का", बस्स. मी म्हणायचे, स्वभावच आहे अबोल. आता कळतंय, अबोल नव्हते. बोलून झालं होतं, माझ्या आधीच. ह्यांचं पथ्यपाणी मी केलं, शिडीवरून पडले तेव्हा महिनाभर पाठ मी चोळली, आणि डोक्यातलं सगळं पुसून गेल्यावर तळाशी निघालीस तू! असा संताप आला की एका दुपारी मी त्यांना तिथेच सोडून घरी गेले आणि सगळी भांडी पुन्हा घासत बसले.

मग एकदा मीच ओ दिली. खोलीत कुणी नव्हतं. पलंगाशी गुडघे टेकून बसले, म्हणजे उंची कळायला नको, आणि म्हटलं, "आले हो, इथेच आहे." त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, आणि परक्या घरात शिरल्यावर माणूस बघतो तसं खोलीभर पाहिलं. "बुटके," पुन्हा म्हणाले, माझ्या डोक्यावरून, दाराकडे बघत. म्हाताऱ्याला काही म्हणजे काही आठवत नाही, पण मी ती नाही एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यापासून ते हाक मारतात आणि मुठी आवळतात. सिस्टरने डॉक्टरीणबाईंना विचारून थेंब वाढवले. कपाळ सैल पडलं, मुठी नाही सुटल्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली, मग म्हणाली, "आजी, हे दुखणं नाही. ते कुणाला तरी शोधतायत." आता लपवण्यात काय राम होता? सांगून टाकलं, ती बुटकी मी नव्हे. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ते दिसतंच आहे हो." आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं. तिने पाणी दिलं. म्हणाली, "फार दिवस नाहीत. त्या असतील कुठे तर बोलवा."

म्हणून हे पत्र. तुझ्या भावाकडून पत्ता मिळवला. ये. ह्यांनी तुला घालवलं की तूच गेलीस, तो हिशेब मला नको. नुसती उशाशी बस आणि हाक आली की ओ दे. मुठी सुटल्या तर सुटू देत. मी तोंडभरून स्वागत करीन अशी आशा ठेवू नकोस, तेवढं माझं मन मोठं नाही. चहा देईन, खुर्ची देईन. पण खोलीबाहेर जाणार नाही. त्यांनी तुझा हात धरलेला मला बघवणार नाही, तरी मी बघेन, कारण शेवटी त्यांना बरं वाटलं का, हे मला कुणाकडून ऐकायचं नाहीये.

तुझीच असं लिहवत नाही, म्हणून नुसतंच,
ह्यांची बायको