तिची मिसरी

भिवंडी, १७ सप्टेंबर १९९१

खाडीत सापडलेल्या, चेहरा ओळखू न येणाऱ्या बाईच्या प्रेताचे झिजलेले, काळे दात पाहून हवालदार म्हणाला, "पन्नाशीची हाय." जणू दात म्हणजे जन्मदाखलाच! हरवलेल्या बहिणीला शोधत राहनाळहून आलेल्या भावाचा जीव भांड्यात पडला. "मग आमची ताई न्हाय. ती तिशीची. घरी आली का पयली तिची मिसरी बंद करतो," म्हणत हसत गेला.

मिसरी. भाजलेल्या तंबाखूची ती पूड रोज घासून दात झिजतात, काळे पडतात. पण आतलं?

शवविच्छेदनानंतर संध्याकाळी मी दातांचा एक्स-रे पाहिला. वय वाढतं तशी दातातली पोकळी अरुंद होत जाते. हिची अजून चांगली रुंद आहे. तिशीच्या आसपासचीच.

उद्या भावाला परत बोलवायचं. मिसरीचं मात्र विचारायला नको. ते तो हसत सांगून गेलाय.