दारावर उमटलेली चादर

रविवार, संध्याकाळ

गाडीचं डावं दार पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. गॅरेज परवडेना म्हणून पुट्टी भरून, घासून, स्प्रेच्या डब्यानं मीच पांढरा रंग मारला होता. चांगला बसला होता. तेवढ्यात धुळीची वावटळ उठली आणि मी काय केलं, तर घरातली चादर आणून ओल्या दारावर टाकली. आम्ही सोलापूरकर कशावरही आधी चादरच टाकतो.

उचलली, तर रंगात तिची सगळी वेलबुट्टी उमटलेली. माझ्या वडिलांनी, नानांनी, स्वतःच्या मागावर विणलेली चादर. आणि हे डावं दार फाटकाला घासलं तेही नानांनीच, वारायच्या आठ दिवस आधी. मी केवढा ओरडलो होतो. एवढं ओरडायला हवं होतं का? ते नुसतं म्हणाले, "चुकलं की रे."

सरिता म्हणाली, "अहो, ऱ्हाऊ द्या की आज." पण उद्या सकाळी मंगळवेढ्याचं गिऱ्हाईक गाडी बघायला येणार. घासलं. आधी फुलं गेली, मग पानं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

हाताला पांढरी पूड आहे. धुवायला उठवत नाही.