कठडे काढायचे दिवस

नाना,

तुमचा पूल पाडायचं आज ठरवून आले. जामबागचं घर असतं तर आधी स्वयंपाकघरात येऊन तुम्हाला सांगितलं असतं, आणि ताटावरून मान वर न करता तुम्ही "हौ?" एवढंच म्हटलं असतं. आता कुकटपल्लीच्या फ्लॅटचं कुलूप मीच लावते, मीच काढते. मुलगा सिकंदराबादला कॉम्प्युटर शिकतो, उशिरा येतो. हे पत्र समोर ठेवलं तरी त्याला मराठी वाचता यायचं नाही.

तुम्ही तो पूल मुद्दामच बुटका बांधला होता. पुराचं पाणी वरून जायचं, बस अलीकडे थांबायची, पाणी ओसरलं की रस्ता पुन्हा सुरू. म्हणून मृगाच्या आधी तुम्ही मजूर घेऊन जाता आणि दोन्हीकडचे लोखंडी कठडे उपसून ठेवता. ते बसतात थेट दसऱ्यानंतर. मी शाळेतली, हट्टाने तुमच्याबरोबर आलेली. तुम्ही मजुरांना सांगताय, "हल्लू निकालो, हल्लू." उघडा पडलेला पूल बघून मला भीती वाटते, निदान एका बाजूचे तरी राहू द्या म्हणून मी रडते. तुम्ही चिडता. "कठडा आपल्यासाठी असतो गं. पुरात त्याला झाडं अडकतात, मग पाणी पूलच घेऊन जातं. अडवेल ते काढायचं, त्यात जीव नक्को गुंतवू." परतताना बसमध्ये मात्र मला खिडकीची जागा दिलीत.

आता त्या रस्त्याचा हायवे होतोय. नव्या कारखान्यांचे ट्रक पूर ओसरायची वाट बघत थांबणार नाहीत, म्हणून शेजारीच उंच पूल येतोय, मोठ्यातला मोठा पूर खालून जाईल असा. जुना बैलगाड्यांसाठी राहू द्यावा, असं बैठकीत बहुतेकांचं मत पडलं. शेवटचा निर्णय माझा होता; मी हो म्हटलं असतं तर राहिला असता, आणि मला ते फार म्हणावंसं वाटत होतं. पण नकाशात दिसतच होतं. वाहून आलेली झाडं तुमच्या पुलाला अडकणार, आणि तुंबलेलं पाणी नव्या खांबांच्या पायाची माती उकरणार. नदीच्या लेखी तुमचा पूल आता कठडाच झाला होता. नकाशे करणाऱ्या तरुण इंजिनिअरने विचारलं, "मॅडम, पुराने पुल का क्या करना?" मी म्हटलं, "निकालो. पूरा." तो पूल माझ्या वडिलांनी बांधला होता हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, आणि पुढचा विषय सुरू झाला.

हे घडी करून कपाटात ठेवून देईन. एवढं मात्र सांगते. "निकालो" म्हणताना, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, मला वाटलं की नाना आज नाहीत ते बरं. मग घरी आले, कुलूप काढलं, आणि हाक तुम्हालाच मारली.