चिखलातला आकडा

१६ मार्च, रवि.
भांडुप खाडी. पक्षी बघणाऱ्या ग्रुपचे सहा जण. पाच जणांकडे तोफेएवढे कॅमेरे, माझ्याकडे जुनी दुर्बीण. भरतीने पक्षी जवळ रेटले. चिखल्या पक्षी बरेच, छातीला तांबूस रंग चढतोय. म्हणजे उत्तरेला निघायची तयारी. एकाचं डाव्या पंखाचं पीस तुटलेलं, पायात नंबराची पट्टी! के, ३, पुढचा आकडा चिखलाने माखलेला. कॅमेरे वळायच्या आत थवा उडाला.
नीलिमा म्हणाली, "तुझीच नजर होती ना रे? वाचलास?"
मागच्या महिन्यात तुतवार पक्ष्याला टिलवा म्हणालो, तर सगळे फिदीफिदी हसले होते. म्हटलं, "के ३८." आठ कुठून आला देव जाणे. पण ठासून म्हटलं.

१९ मार्च, बुध.
पट्ट्यांची नोंद ठेवणाऱ्यांचं उत्तर आलं. के ३८ ला आठ वर्षांपूर्वी मनोरीला पट्टी घातलेली. त्यानंतर कुणालाच दिसला नव्हता. ग्रुपवर "झकास", "काय नजर आहे यार". मजा वाटली. इथे तरी खोटं कशाला लिहू, फार मजा वाटली.
संध्याकाळी मनोरीच्या ग्रेगरीकाकांचा फोन. ग्रुपमधले सर्वात जुने, पक्षी धरायची जाळी तेच लावायचे. "अरे, तो मीच धरलेला. फ्लोरीने वहीत नंबर लिहिला. तिची शेवटची फेरी ती." फ्लोरीकाकी त्याच पावसाळ्यात गेल्या. काका रडले. मी आपला हो काका, हो काका. थू माझ्यावर.

२४ मार्च, सोम.
नीलिमाला सांगून टाकलं.
"वाट लागली. काकांना तूच सांग, मी नाही सांगणार."
दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा काकाच आधी सुरू. काकींची वही सापडली, ते पान क्रुसाखाली उघडून ठेवलंय. माझं तोंड उघडेना. आकडा सांगताना बरं पटकन उघडलं.

३० मार्च, रवि.
काका आले! गुडघ्यांमुळे दोन वर्षं कुठे गेले नव्हते. मनोरीहून मार्व्याच्या धक्क्यापर्यंत बोट, मग नीलिमाची गाडी. आम्ही तिघेच. काकांनी दुर्बिणीला डोळा लावला, पण मोतीबिंदू. "मला नुसते ठिपके. तूच वाच, बाबू."
आणि आला. तेच तुटकं पीस. पाय स्वच्छ धुतलेला. के ३५.
नीलिमा माझ्याकडे बघत होती. काकांनी माझं मनगट घट्ट धरलेलं.
"चिखल लागलाय काका. दिसत नाही नीट."
त्या रविवारी हेच म्हणायला हवं होतं. तेव्हा ते खरं होतं.
"असूदे. चिखल काय, धुऊन जातो. पुढच्या रविवारी परत येऊ."
परत धक्क्यावर उतरताना काकांनी काकींची वही माझ्या हातात दिली. "फ्लोरीच्या ओळीखाली तू लिही. तूच बघितलास ना."


५ एप्रिल, शनि.
वही आठवडाभर टेबलावर. काकींचं अक्षर सुबक, ३८ अगदी ठळक. खाली दोन बोटं जागा. पेन तीनदा उचललं. ३५ लिहू, की काहीच न लिहिता...
उद्या आठला काका मार्व्याच्या धक्क्यावर उभे असतील. वही परत द्यायची आहे.